पोरगं मुद्दाम करत नाही

"मॅडम, चौथीत गेला, तरी अंथरुणातच करतोय. लई आळशी हाय." दिवाळी सरली की बीडकडच्या आज्यांकडून हे गाऱ्हाणं मी हमखास ऐकते. आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. तोवर नातवंडं आजीच्या पदरात.

आधी एक सांगते. हा आळस नाही आणि खोडीही नाही. पाच वर्षांच्या मुलांमध्ये साधारण १५ टक्के आणि दहाव्या वर्षी ५ टक्के मुलं झोपेत लघवी करतात. मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मधे सहा महिने तरी अंथरूण कोरडं होतं का? होतं, आणि मग पुन्हा सुरू झालं, तर मी आधी घरात काय बदललं ते बघते. मूल एकटं आजारी पडत नाही, अशी माझी धारणा आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामात ती पक्कीच होत गेली.

हा मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पहिलीपासून कोरडा होता. यंदा आई-वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले आणि पुन्हा सुरू झालं. आजी ओली वाकळ त्याच्याच डोक्यावर देऊन अंगणात वाळत घालायला लावायच्या, चारचौघांनी बघावं म्हणून. माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या शर्टाच्या कॉलरवर पावडरचा पांढरा थर होता. वास लपवायला रोज सकाळी तो डबाच अंगावर ओतायचा.

सुरुवातीला तो बोललाच नाही. मग एकदा मी सहज विचारलं, "रात्री झोप कधी लागते रे?"

"मीच झोपत नाई."

"का?"

"झोपलो की जातेत."

"कोण?"

"आई अन् दादा. ट्रॅक्टर आला तवा मला उठवलंच नाई."

दादा म्हणजे त्याचे वडील. आजी हळूच म्हणाल्या, "रडंल म्हणून नाई उठवलं, बाई."

मला सगळं तिथंच उलगडलं. त्याला भीती अंधाराची नव्हती, झोपेची होती. मध्यरात्रीपर्यंत डोळे ताणून जागायचा आणि मग इतका गाढ झोपायचा की मूत्राशय भरल्याचं त्याला कळायचंच नाही. मार, दटावणी, वाकळ यांनी त्या भीतीत भरच पडत होती.

तरी सगळा दोष मनावर टाकून मी मोकळी होत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलंच. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता, साखरही ठीक होती. पण पोट कडक निघालं. शाळेच्या संडासात पाणी नाही, म्हणून पोरगं दिवसभर दाबून ठेवायचं. आतड्यात मळ साठला की मूत्राशयावर दाब येतो. डॉक्टरांनी बद्धकोष्ठाचं औषध दिलं. पाणी दिवसा भरपूर प्यायचं, संध्याकाळनंतर बेताचं, आजीबरोबरचा रात्रीचा चहा बंद आणि झोपण्याआधी लघवी, असं ठरलं. शाळेत संडासला जाता येईल अशी सोय गुरुजींनी करून दिली.

वडिलांना रोज रात्री कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीतून, फोन करायला सांगितलं. आजींकडून कळलं होतं की वडीलही लहानपणी अंथरूण ओलं करायचे. ही गोष्ट घराण्यात उतरते; आई किंवा वडिलांना हा त्रास झालेला असेल तर मुलालाही होण्याची शक्यता बरीच वाढते. मी वडिलांना म्हटलं, लाजू नका, हे त्याला तुम्हीच सांगा.

त्यांनी सांगितलं, "मी बी सहावीपर्यंत करायचो, बाळा. आन् पुढच्या टायमाला तुला उठवूनच जाऊ."

"दादा, तुमी बी?" पोराचा चेहरा इतका खुलला की आजीही हसल्या. संक्रांतीनंतर ओल्या रात्री विरळ झाल्या. एखादी आलीच, तर आजी मुकाट्याने वाकळ बदलायच्या.

तुमच्या घरी असं असेल तर मुलाला मारू नका, चारचौघांत बोलू नका, चटक्याची भीती दाखवू नका. सारखी तहान लागते, वजन घटतंय, लघवीला जळजळ होते, झोपेत जोरात घोरतो किंवा दिवसाही कपडे ओले होतात, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सात वर्षांनंतरही त्रास टिकला तर ओल लागताच वाजणारा अलार्म आणि गोळ्या असे दोन्ही उपाय आहेत. गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तरच.