‘थांबा’ म्हटल्यानंतरची दोन मिनिटं

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, धाकटा भाऊ २८ चा. २००९ साली गावच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या डब्याची कडी निघाली आणि तो बाहेर लोंबकळला. पाळणा खाली येईपर्यंत मी त्याचा हात धरून होतो. तेव्हापासून त्याला उंची, अंधार, बंद जागा सोसत नाही. औषधं चालू आहेत. गेल्या मे महिन्यात आम्ही मित्रांबरोबर हायवेवरच्या एका मनोरंजन पार्कात गेलो. ‘एकदा जाऊन ये, भीती मोडेल’ म्हणत मीच त्याला तिथल्या भूतबंगल्यात नेलं. आत मुखवटे घातलेल्या दोघांनी त्याचे हात धरले, दार लावून घेतलं. तो ‘थांबा, सोडा’ म्हणून ओरडत होता, ते हसत होते. मी प्लायवूडचं दार लाथेने तोडलं, एकाला ढकललं. त्या गडबडीत भाऊ पडला आणि मनगट मोडलं. नंतर ऑफिसात दोन तास बसवून दाराचे १८,००० रुपये आणि माफीनामा घेतला. तिकिटामागे ‘प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलं आहे. भरपाई मिळेल का? माझ्यावर केस होईल का? त्या पाळणेवाल्यावर आता काही करता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे उत्तर ‘नाही’ आहे. २००९ मध्ये भाऊ कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा होता. अज्ञान व्यक्तीसाठी मुदत कायद्याचं कलम ६ मुदत थांबवून ठेवतं, पण सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. तो २०१६ च्या सुमारास अठराचा झाला असणार, म्हणजे २०१९ च्या आसपास ते दार बंद झालं. जत्रेतला पाळणेवाला आज कुठे आहे हे शोधण्यात शक्ती घालवू नका.

आता पार्क. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ ही ओळ वाचून लोक हातपाय गाळतात. त्या ओळीला अर्थच नाही असं मी म्हणणार नाही. भूतबंगल्याचं तिकीट काढणारा माणूस घाबरवून घ्यायलाच जातो. अंगावर सांगाडा पडला, किंकाळी आली, म्हणून तक्रार चालणार नाही. पण भिण्याला दिलेली संमती म्हणजे हात धरून कोंडून ठेवण्याला दिलेली संमती नव्हे, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर होती तीही संपली. तुमची सगळी केस त्या ‘थांबा’नंतरच्या दोन मिनिटांवर उभी आहे. त्याआधीचं काही ताणून सांगू नका. अंधार किती भयाण होता याच्या वर्णनाने सामनेवाल्यांचंच फावेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी होते. पैसे तुम्ही भरले असले तरी तुमच्या संमतीने सेवा घेणारा भाऊही ग्राहकच आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पार्कच्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुमचा मोबदला म्हणजे तिकिटाचे पैसे. मुदत घटनेपासून दोन वर्षं. मानसिक त्रासाची भरपाई ग्राहक मंचाला (आयोगाचं जुनं नाव) देता येते हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच सांगितलं आहे. मात्र आकडा मोठा धरू नका. मनगटाची बिलं, बुडालेला पगार हे पावतीनिशी मिळतं. मनाच्या त्रासाला आयोग हात आखडूनच देतात, असा माझा तरी अनुभव आहे.

पार्कचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, ‘हा आधीपासूनच आजारी होता, आमचा काय दोष?’ नुकसान करणाऱ्याला समोरचा माणूस जसा असेल तसा पत्करावा लागतो, हे तत्त्व इथे तुमच्या बाजूचं आहे. कवटी नाजूक होती, हा टपली मारणाऱ्याचा बचाव होत नाही. तुमच्या विरुद्ध जाईल ती दुसरी गोष्ट : दाराशी ‘अशा रुग्णांनी आत जाऊ नये’ असा फलक होता का? असेल आणि तरीही तुम्ही त्याला नेलं असेल, तर रक्कम कापली जाऊ शकते. फलकाचं खरंखोटं मला पत्रात नको, नोटीस करणाऱ्या वकिलाला सांगा.

तुमच्यावर केस? दार तोडल्याची तक्रार ते देऊ शकतात, टिकणं अवघड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १९ मोठी हानी टाळण्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं, आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क कलम ३५ मध्ये आहे. बचाव करणाऱ्याची कृती सोन्याच्या काट्यावर तोलायची नसते, असं न्यायालयं वारंवार म्हणत आली आहेत. एक ढकलणं यात बसतं. भाऊ मोकळा झाल्यावर पुन्हा एक ठोसा ठेवून दिला असेल, तर तो बसत नाही. उलट कोंडून ठेवल्याबद्दल कलम १२७ खाली तुम्हीच फिर्याद देऊ शकता.

माफीनाम्याचं थोडं बारकाईने बघा. नुसतं ‘पोलिसांत जातो’ म्हणणं ही जबरदस्ती नाही. तो त्यांचा हक्क आहे. पण ‘पैसे दिल्याशिवाय गेटबाहेर सोडणार नाही’ असं म्हणून दोन तास बसवलं असेल, तर करार कायद्याच्या कलम १५ खाली तो दबाव ठरतो, माफीनामा रद्द करून घेता येतो आणि कलम ७२ खाली १८,००० परत मागता येतात. म्हणून नेमके शब्द काय होते, ते तुम्ही आणि बरोबरच्या मित्रांनी आजच, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळे लिहून ठेवा.

घाई सीसीटीव्हीची आहे. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. आजवर नोटीस गेली नसेल तर उद्याच स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा असं त्यात स्पष्ट लिहा. नंतर त्यांनी ‘पुसलं गेलं’ म्हटलं तरी ती नोटीस कामाला येते. सोबत माहिती अधिकारात दोन अर्ज करा, दहा-दहा रुपयांचे : पार्कच्या परवान्याची प्रत आणि अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. महाराष्ट्रात हा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. आतून न उघडणाऱ्या दाराचा प्लायवूडचा बंगला कागदावर कसा दिसतो ते तरी कळेल. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ माणसं जळून गेली, त्यानंतर असल्या दाराकडे कुठलाही आयोग हसून बघणार नाही.

एक गोष्ट पत्रात नाही. पत्र सगळं तुमचं आहे, भावाचं त्यात एक वाक्य नाही, ‘थांबा, सोडा’ सोडलं तर. तक्रार त्याची आहे. त्यासाठी त्याचे केसपेपर आयोगापुढे ठेवावे लागतील, २००९ ची गोष्ट परक्या माणसांसमोर उलगडेल, आणि उलटतपासणीची वेळ आली तर प्रश्न त्याला विचारले जातील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने ती माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याला दिला आहे, तुम्हाला नाही. मे महिन्यात तुम्ही त्याच्या वतीने ठरवलंत. चांगल्याच हेतूने ठरवलंत हे दिसतंय. या वेळी विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर १८,००० ची मागणी तुम्ही एकट्याच्या नावावर करू शकता, त्याला साक्षीलाही न आणता. ‘हो’ म्हणाला तर वकालतनाम्यावर सही त्याची घ्या, आणि वकिलाकडे जाताना बोलायला त्यालाच पुढे बसवा.