मॅग्नेटो, टाकीतलं पाणी आणि कार्ब हीट: शिकाऊ पायलटांचे प्रश्न

काका, हवेत असताना बॅटरी अन् आल्टरनेटर दोन्ही गेले तर सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाचं इंजिन बंद पडणार ना? (सुदामा नगर, इंदूर)

नाही रे, चालूच राहील. कारची सवय असलेल्या प्रत्येकाला हीच भीती वाटते. इथे दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणारी यंत्रं असतात, त्यांना इंजिनच फिरवतं, म्हणून ठिणगी घरच्या घरी तयार होते, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकेका मॅग्नेटोचा एकेक. रेडिओ अन् दिवे जातील तेवढं खरं.

रनअपला, म्हणजे उडण्याआधी इंजिन तपासताना, १७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) किल्ली एकेका मॅग्नेटोवर नेतोस तेव्हा आरपीएम थोडं पडतं, १२५ पर्यंत चालेल, दोघांतला फरक ५० च्या आत हवा. पण अजिबात पडलं नाही तर "वा, काय इंजिन आहे" म्हणून खूश होऊ नकोस! किल्लीने मॅग्नेटो बंद केला की पी-लीड नावाची एक तार त्याला अर्थ (earth) करते, म्हणजे त्याची वीज विमानाच्या सांगाड्यात वळवते, अन् ठिणगी मरते. ती तार तुटली की मॅग्नेटो बंद होतच नाही, किल्ली तुझ्या खिशात असली तरी. मग पंखा जरा फिरला तरी इंजिन सुरू होऊ शकतं, म्हणून उभ्या विमानाच्या पंख्याला हात लावायचा नाही, सेल्फीसाठी पण नाही.

रोज पहाटे कपात पेट्रोल काढून बघायचं, कधी काही निघत नाही. एखाद दिवशी सोडलं तर? (रामबागेतून एक मुलगी)

नको गं. पाणी एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) जड, ते टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. रात्री अर्धी टाकी रिकामी राहिली तर आतल्या हवेतला ओलावा जमतो, अन् झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर पाऊसही आत जातो. १००एलएल, म्हणजे आपलं हेच एव्हगॅस, निळसर असतं, कप उजेडाकडे धर, तळाशी बिनरंगाचा थेंब वेगळा वळवळताना दिसतो. आता खरी गोम: अख्खा कपच पाण्याने भरला तर वेगळी रेघ दिसणारच नाही, सगळं स्वच्छ वाटेल, आणि झोपेत असलेली पोरं "क्लिअर" म्हणून मोकळी होतात. म्हणून रंग बघ, वास घे.

पावसाळ्यात २२-२३ डिग्रीला कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा काय जमेल? (लोकमान्य नगर)

जमतो. कार्ब्युरेटरच्या (जिथे हवा अन् पेट्रोल मिसळतं) अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो, वर पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढली जाते, तापमान २० डिग्रीहून जास्त खाली येऊ शकतं, अन् आपल्याकडे जुलैत हवेत पाणी भरपूर. आरपीएम हळूहळू उतरतं आणि आपण नकळत थ्रॉटल देत राहतो. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ, ओढली की आरपीएम अजून पडतं, इंजिन खडखडतं, घाबरून नवीन पोरं लगेच परत ढकलतात. अरे थांब ना जरा, वितळलेलं पाणी जातंय ते! सेसना १७२एस मध्ये मात्र कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे ही भानगड नाही.

मे महिन्यात दुपारी विमान उठतच नाही, इंजिन खराब आहे का?

बहुतेक नाही. इंदूरचं विमानतळ सुमारे १८५० फुटांवर, त्यात ४० डिग्री, म्हणजे हवा ५३०० फुटांवर असल्यासारखी पातळ. इंजिन, पंखा, पंख सगळेच उपाशी. सकाळची ६ ची सॉर्टी (उड्डाणाची फेरी) मागून घे, पोहे उतरल्यावर खा.