मुलाला मिसरूड फुटलं, आता ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं बंद करावीत का?

तुमचा मुलगा 14 वर्षांचा आहे आणि घरचे म्हणतात, वयात आला, आता सुई कशाला? नाही, एवढ्यावरून बंद करू नका. उंचीची शेवटची मोठी झेप याच वर्षांत असते, आणि कमतरता असलेल्या मुलाला तेव्हा हे हार्मोन हवंच.

थांबायची वेळ हाडं सांगतात. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय (म्हणजे हाडं किती पक्व झाली ते) मुलांत साधारण 16 (मुलींत 14) च्या पुढे गेलं आणि वर्षाला उंची 2 सेंमीपेक्षा कमी वाढू लागली, की डॉक्टर थांबवतात. मग एक ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. फक्त हेच हार्मोन कमी असलेल्या बऱ्याच मुलांची पातळी तेव्हा नॉर्मल निघते. पण पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या, हे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीची) इतरही हार्मोन्स कमी असतील तर हाडं-स्नायूंसाठी कमी डोसवर पुढेही चालू ठेवावं लागू शकतं.

खर्च जड जातो, मान्य. तरी मनानं डोस गाळू नका. लातूर-बीडहून दर महिन्याला जमत नसेल, तर तीन-चार महिन्यांतून एकदा संभाजीनगरला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) उंचीची वही घेऊन जा. आणि हो, लाईट गेली की फ्रीज सारखा उघडू नका. औषध 2 ते 8 अंशांतच राहिलं पाहिजे.