सीमाभागातला मोबाइल : रेंज, रोमिंग आणि अँटेना यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोगनोळीजवळ शेतात घर आहे. सिम कर्नाटकातलं. तरी दिवसातून कितीदा तरी फोनवर रोमिंगचं चिन्ह येतं आणि नेट बंद पडतं. घरात बसून रोमिंग कसं लागतं? जादा पैसे जातात का? (वाचक, निपाणी तालुका)

उत्तर : पैशांची धास्ती आधी सोडा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १ मे २०१५ पासून देशांतर्गत रोमिंगचे दर खाली आणले. बीएसएनएलने त्याच वर्षी १५ जूनपासून रोमिंगमधले इनकमिंग मोफत केले. आजच्या बहुतेक अनलिमिटेड पॅकमध्ये देशभराचे रोमिंग धरलेलेच असते आणि डेटाही त्याच पॅकमधून वजा होतो. तेव्हा सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' सुरू करून ठेवा. कॉल लागतात पण नेट चालत नाही, अशी अवस्था असेल तर बहुधा ते बटण बंद आहे.

दूरसंचार परवान्यांसाठी देशाची २२ सर्कल, म्हणजे विभाग, केलेली आहेत. बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये येतो. कागल, गडहिंग्लज, चंदगड महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि गोवाही त्यातच. कागलच्या बाजूचा टॉवर तुमच्या घराला सरळ दिसत असेल तर फोन तो धरतो. कंपनी तीच असली तरी नेटवर्कचा क्रमांक बदलतो. एअरटेलचा कर्नाटकात ४०४-४५, महाराष्ट्रात ४०४-९०. बीएसएनएलचा ४०४-७१ आणि ४०४-६६. एकदा पलीकडचे नेटवर्क धरले की फोन लगेच परतत नाही. घरचे नेटवर्क किती वेळाने पुन्हा शोधायचे हे सिममध्येच लिहिलेले असते. ती वेळ ६-६ मिनिटांच्या पटीत ठरते आणि काही लिहिलेले नसेल तर ६० मिनिटे धरली जाते. म्हणून घरची रेंज परत आली तरी चिन्ह तासभर हलत नाही.

घाई असेल तेव्हा विमान मोड लावा, दहा-पंधरा सेकंदांनी काढा. कायमचा उपाय हवा असेल तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'आपोआप निवडा' बंद करा. यादी यायला एक-दोन मिनिटे लागतात. तुमच्या कंपनीचे नाव दोनदा दिसले तर दोन्ही लावून पाहा, ज्यावर रोमिंगचे चिन्ह येत नाही ते घरचे. मात्र कोल्हापूरला निघताना 'आपोआप' परत चालू करा, नाहीतर वाटेत फोनला रेंजच मिळणार नाही. आणि पलीकडच्या टॉवरवर नेट जास्त चांगले चालत असेल तर खुशाल त्यावरच राहा, नुकसान काहीच नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ११२ लावल्यावर फोन पलीकडच्या टॉवरवर असेल तर कॉल महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षाकडे जाऊ शकतो. पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा.

प्रश्न : आमच्या डोंगरावर एकच टॉवर, तोही बीएसएनएलचा. माझं सिम खासगी कंपनीचं, त्यावर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं येतं. आता कुठल्याही कंपनीचं सिम कुठल्याही टॉवरवर चालतं म्हणतात. मग माझं का चालत नाही? (वाचक, कणकुंबी परिसर, खानापूर तालुका)

उत्तर : कारण ते सगळ्या टॉवरांना लागू नाही. वरच्या प्रश्नातले रोमिंग एकाच कंपनीच्या दोन सर्कलांमधले होते. तुम्ही म्हणता ते एकाच सर्कलमधले, दोन कंपन्यांमधले रोमिंग. त्यासाठी कंपन्यांचा आपसात करार लागतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने डिजिटल भारत निधीच्या (खेड्यापाड्यांत दूरसंचार सेवा पोचवण्यासाठीच्या सरकारी निधीच्या) पैशांतून उभारलेल्या ४जी टॉवरांसाठी ही सोय सुरू केली. त्यात बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ आहेत, आणि देशभरातले सुमारे २७ हजार टॉवर येतात. कंपनीने स्वतःच्या खर्चाने उभारलेला टॉवर त्यात धरलेला नाही.

तुमचा टॉवर त्यातला आहे का, हे असे तपासा. टॉवरच्या पायथ्याशी जा, डेटा रोमिंग चालू करा, नेटवर्क हाताने निवडायच्या यादीतून बीएसएनएल निवडा. दोन-तीन मिनिटे थांबूनही नकार आला तर करार नाही, मग घरी बसून प्रयत्न करण्यात अर्थ नाही. 'आपत्कालीन कॉल' असे दिसते याचा अर्थ मात्र लक्षात घ्या : ११२ साठी फोन कुठल्याही कंपनीचा टॉवर वापरू शकतो. त्या जंगलपट्ट्यात हा आधार फार मोलाचा आहे.

बाकी अशा गावात सरळ उपाय म्हणजे फोनच्या दुसऱ्या खाचेत बीएसएनएलचे सिम. घेण्याआधी हँडसेट बघा. बीएसएनएलचे ४जी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर, म्हणजे बँड (लहरींचा पट्टा) २८ वर, आणि २१०० वर म्हणजे बँड १ वर चालते. लांबचा पल्ला ७०० चा. जुन्या फोनमध्ये बँड २८ नसेल तर शेजाऱ्याला ४जी मिळेल आणि तुम्हाला नाही, सिम कितीही बदलले तरी.

प्रश्न : गाव खोलगट जागी आहे. दूध संकलन केंद्रात नेट लागत नाही, यंत्रावरची नोंद पुढे जात नाही, सकाळी रांग लागते. दुकानदार 'बूस्टर' लावा म्हणतो. घ्यावा का? (दूध संस्थेचे सचिव, खानापूर तालुका)

उत्तर : घेऊ नका. बूस्टर म्हणजे बाहेरच्या अँटेनाने रेंज ओढून आतल्या अँटेनाने वाढवून देणारे यंत्र. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा बूस्टर जवळ बाळगणे बेकायदा आहे. शिवाय तो तुमच्याच गावाची रेंज बिघडवतो. बाहेरची आणि आतली अँटेना पुरेशी लांब नसली की तो स्वतःचाच सिग्नल पुन्हा ओढून वाढवत राहतो. तो गोंगाट टॉवरपर्यंत पोचतो, आणि तुमच्या केंद्रात काड्या भरलेल्या दिसत असताना आजूबाजूच्या घरांतले कॉल तुटू लागतात.

योग्य मार्ग म्हणजे ४जी राउटर आणि त्याला बाहेरची अँटेना. पण खरेदीआधी मोजणी करा. फोनच्या 'फोनविषयी' या भागात सिमच्या स्थितीखाली सिग्नल उणे आकड्यात दिसतो. पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर *#*#४६३६#*#* दाबूनही मिळतो. उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे १०५ पर्यंत काम चालते, उणे ११५ च्या पुढे भरवसा नाही. केंद्रात मोजा, मग छपरावर चारही कोपऱ्यांत दोन-दोन मिनिटे थांबून मोजा. खाली उणे ११८ आणि वर उणे ९८ आले, तर वीस डेसिबलचा (सिग्नलच्या शक्तीतला फरक मोजायचे माप) फरक पडला, म्हणजे वर शंभरपट शक्ती आहे. पत्र्याच्या छपराखाली असा फरक सहज पडतो, कौलांखाली कमी. वरही उणे ११८ च असेल तर अँटेनावर पैसे घालू नका, दुसऱ्या कंपनीचे सिम घेऊन तीच मोजणी करा.

वरचा आकडा चांगला आला की सर्वांत स्वस्त चाचणी : सिम घातलेला जुना फोन हॉटस्पॉट चालू करून माळ्यावर किंवा खिडकीत ठेवा आणि एक सकाळ काढा. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर भागते.

भागले नाही तर राउटर असा घ्या, ज्याला अँटेनाची दोन स्क्रू-टोके आहेत आणि तुमच्या टॉवरचा बँड आहे. खोलगट गावाला ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ जास्त उपयोगी, कारण या लहरी टेकडीच्या कडेवरून वळून आणि झाडीतून जास्त पोचतात. २३०० चा वेग मोठा, पण डोंगराआड तो लवकर संपतो. अँटेना दोन लागतात, एक ४५ अंश डावीकडे आणि एक उजवीकडे कललेली. एकच लावली तर अर्धा वेग जातो.

खरी चूक होते ती केबलमध्ये. दुकानात मिळणारी बारीक आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झवर मीटरला पाऊण डेसिबलच्या आसपास खाते. दहा मीटर ओढली की सात-आठ डेसिबल गेले, अँटेनाने कमावलेले जवळजवळ सगळे. जाड एलएमआर-४०० घेतली तर दहा मीटरला साधारण दोनच डेसिबल जातात. त्याहून बरे म्हणजे राउटरच वर, पाणी न शिरणाऱ्या पेटीत, अँटेनाच्या शेजारी बसवायचा आणि खाली साधी लॅन केबल आणायची. ती शंभर मीटरपर्यंत काही गमावत नाही, आणि त्याच तारेतून राउटरला वीजही देता येते. खांबाला वेगळे अर्थिंग हवेच, आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा किती पडतात हे सांगायला नको. राउटरच्या व्होल्टेजला जुळणारा छोटा यूपीएसही घ्या, कारण धारांची वेळ आणि लाइट जायची वेळ पुष्कळदा एकच असते.

गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आले असेल आणि जोडणी मिळत असेल तर हे सगळे सोडून तीच घ्या. मग फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू केले की रेंज नसलेल्या खोलीतही कॉल लागतात.

प्रश्न : पावसाळ्यात काड्या पूर्ण, तरी नेट शून्य. असं का? (वाचक, जांबोटी)

उत्तर : काड्या फक्त फोन ते टॉवर एवढेच सांगतात. टॉवरपासून पुढचा रस्ता घाटात बऱ्याचदा तारेचा नसून मायक्रोवेव्हचा असतो, म्हणजे एका टॉवरवरच्या थाळीतून दुसऱ्याकडे. त्या लहरी मोबाइलच्या लहरींपेक्षा खूप वरच्या मेगाहर्ट्झच्या असल्याने मुसळधार पावसात क्षीण होतात. पाऊस ओसरला की नेट आपोआप येते, फोन रीसेट करत बसू नका. पाऊस नसताना रोज रात्री आठ ते दहा मंद आणि पहाटे वेगवान असेल, तर ती टॉवरवरची गर्दी. दोन कंपन्यांची सिमे ठेवली असतील तर ती वेगळ्या टॉवरवर आहेत ना, हेही पाहा. एकाच खांबावर दोघांच्या अँटेना असतील तर तिथली वीज जाताच दोन्ही जातात.

प्रश्न : चंदगडचा आहे, बेळगावात कॉलेजला. नंबर कर्नाटकात बदलून घेऊ का? (विद्यार्थी)

उत्तर : गरज नाही. रोमिंगला वेगळा खर्च नाही, आणि शिनोळी ओलांडली की परत घरच्याच सर्कलमध्ये येता. तरीही हवे असेल तर ३ जुलै २०१५ पासून तोच नंबर दुसऱ्या सर्कलमध्ये नेता येतो. इंग्रजीत पोर्ट लिहून जागा सोडा, नंबर टाका आणि १९०० ला एसएमएस करा. येणारा कोड ४ दिवस चालतो, सर्कल बदलायला कामाचे ५ दिवस धरा. सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर आधी ७ दिवस थांबावे लागते.

प्रश्न : तक्रार नेमकी कुठे करायची? ट्रायला लिहून उत्तर आलं नाही. (वाचक, चिकोडी)

उत्तर : ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीच्या १९८ वर फोन करा, तो मोफत असतो, आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. 'रेंज नाही' एवढेच सांगू नका. गाव, सर्व्हे नंबर किंवा नकाशावरचे ठिकाण, तारीख-वेळ, उणे सिग्नलचा आकडा आणि नेटवर्कचा क्रमांक (४०४-४५ यासारखा) द्या. सीमेवर हा शेवटचा आकडा नसला की कर्नाटकाचे तक्रार केंद्र महाराष्ट्राच्या टॉवरची तक्रार 'आमच्याकडे सगळे ठीक' म्हणून बंद करते. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा ठेवणे आता बंधनकारक आहे. त्यात तुमचे गाव रंगवलेले असेल तर त्याचा फोटो जोडा. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे डॉकेट क्रमांकासह लिहा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे. पूर्ण जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ देण्याचा नियम २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत आहे. त्या दिवसांचे फोनवरचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.