मध्ययुगीन जग शिकवायचंय? 1347 पासून सुरू करा

ताई, 'हेडसरांनी शनिवारच्या तासाला मध्ययुगीन जग घ्यायला सांगितलंय, पुस्तकात ते नाही, पोरं जांभया देतात आणि नकाशाचा अर्ज कुठे अडकलाय कळत नाही' हे वाचलं आणि साताऱ्यातलं एक ऑफिस डोळ्यांपुढे आलं. नाव घेत नाही.

आम्ही जगाचा भिंतीवरचा नकाशा मागितला होता. आधी तीन दरपत्रकं मागितली. ती दिली तर शेरा आला, 'नकाशा ही भूगोलाची बाब, मागणी इतिहासातून कशी?' भूगोलाच्या सरांच्या सहीने पुन्हा अर्ज केला. त्यावर 'शाळेत नकाशा उपलब्ध आहे'. उपलब्ध म्हणजे सोव्हिएत संघ दाखवणारा, घडीवर फाटून आफ्रिकेचे दोन तुकडे झालेला! मार्च उलटला, तरतूद परत गेली आणि ते वर्ष फळ्यावर खडूने खंडं काढण्यात गेलं. तुम्ही अर्ज करा, आवकचा शिक्का मारलेली पोच ठेवा, पण तास अडवू नका. चित्रकलेच्या सरांना गाठा आणि व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घ्या. समुद्र आणि बंदरं पुरेत. आधी प्रायमर मारा, नाहीतर पोपडे येतात. आमचा निम्मा हिंदी महासागर पहिल्याच पावसाळ्यात गेला. (आमची शाळा अनुदानित. तुमच्याकडे खरेदीचे नियम वेगळे असतील, संस्थेत विचारा.)

आता शिकवण्याचं. माझं मत आहे, पटलं तर घ्या. राजा, सरदार, कुळं असा सरंजामशाहीचा त्रिकोण पहिल्याच दिवशी फळ्यावर काढलात की वर्ग हातातून गेला. 1347 घ्या. त्या ऑगस्टमध्ये दौलताबादला अलाउद्दीन हसन बहमनशाह गादीवर बसला. बहमनी राज्य पोरांना ऐकून माहीत असतं. त्याच ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेली जेनोवाची जहाजं सिसिलीत मेसिनाला लागली, सोबत प्लेग घेऊन. प्लेग म्हटलं की पोरांना रँड आणि चाफेकर आठवतात. गाव सोडून रानात खोपटं घालून राहिल्याच्या गोष्टी काहींच्या घरी अजून निघतात. तिथून नकाशावर बोट फिरवा: काळ्या समुद्रावरचं कफा बंदर, मेसिना, 1348 ला लंडन. काही वर्षांत युरोपातली निदान तिसरा हिस्सा माणसं गेली.

मग विचारा, राबणारे हातच कमी झाले तर मजुरीचं काय होईल? ऊसतोडीच्या टोळ्या कमी आल्या की काय होतं, हे आपल्याकडचं आठवीचं पोरगं झोपेतही सांगतं. इंग्लंडमध्ये 1351 ला कायदा करून मजुरी प्लेगच्या आधीच्या दराला बांधली. पुढे नवे करही लादले, आणि 1381 ला शेतकरी लंडनवर चालून गेले. त्रिकोण आता काढा हवा तर, पोरंच नावं भरतील.

नववीला 1453 घेताना एक सांभाळा. 'तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि मसाल्याचा व्यापार बंद पडला' हे गाइडातलं वाक्य वहीत उतरवून देऊ नका. व्हेनिसचे व्यापारी त्यानंतरही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातून मिरी उचलतच होते.