सुई न टोचता शिशाची तपासणी होते का?

प्रश्न : आम्ही मालवणजवळ राहतो. जाळ्यांना लावायची शिशाची वजने माझे सासरे पडवीतच शिसे वितळवून ओततात. माझा मुलगा तीन वर्षांचा असून सुईला फार घाबरतो. केस किंवा लघवी तपासून त्याच्या शरीरातील शिसे कळेल का?

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. केसांवर बाहेरची धूळ चिकटते आणि धुऊनही ती पूर्ण जात नाही, त्यामुळे शरीरातले शिसे कोणते व बाहेरचे कोणते हे सांगता येत नाही. लघवी आणि लाळ यांवरही मुलांच्या बाबतीत विसंबता येत नाही. पडलेल्या दुधाच्या दातांत मागच्या काही वर्षांचे शिसे साठलेले असते, आणि अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये त्याच आधारे मुलांच्या बुद्धीवरील परिणाम दाखवला. पण तुमच्या मुलाचे दात पडायला अजून अवकाश आहे.

म्हणून रक्ततपासणी टाळू नका. हात साबणाने स्वच्छ धुऊन बोटातून घेतलेला थेंब प्राथमिक तपासणीपुरता चालतो, मात्र प्रमाण जास्त आल्यास शिरेतील रक्ताने खात्री करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रक्ताच्या दर डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर) ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो थांबवावा.

तुमच्या घरी तो स्रोत समोरच आहे. अहवालाची वाट न पाहता शिसे ओतण्याचे काम आजच घरापासून दूर न्या आणि पडवी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.