कर्जाचा हप्ता मुलीच्या गुडघ्यावर नको

प्रश्न : नाशिकला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. मुलगी १९ वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तेराव्या वर्षापासून मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यती) करते, महिला गटात दोन ट्रॉफ्या आहेत. सहा महिन्यांपूर्वी सरावात डावा गुडघा फिरला, एसीएल (गुडघ्याच्या आतला लिगामेंट) तुटलं, ऑपरेशन झालं. अडीच लाख गेले. मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम नाकारला. आता ती नीट चालते, जिना चढते, दुखत नाही म्हणते. फिजिओथेरपी तिसऱ्या महिन्यानंतर बंद केली. दोन महिन्यांनी सीझन सुरू होतोय. घरचं सोनं तारण ठेवून २५० सीसीची इम्पोर्टेड बाइक बुक केली आहे, यंदा कॉलेजला गॅप द्यायचा विचार आहे. सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची) लीग आल्यापासून या खेळात पैसा आला आहे असं ऐकतो. कंपन्यांना स्पॉन्सरशिपचं पत्र कसं लिहावं? सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) मदत मिळेल का? पत्रात ऑपरेशनचा उल्लेख टाळला तर चालेल का?

उत्तर : नमस्कार. पत्राचा मसुदा वगैरे पुढे बघू. तुमचं लिहिलेलं वाचताना मी थांबले ती सोन्यापाशी.

मुलीला या कर्जाबद्दल सांगितलं आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण घरातलं सोनं बाहेर गेलं की घरातल्या मुलीला ते कळतंच, सांगायला लागत नाही. आता अशा मुलीला संध्याकाळी विचारून बघा, 'गुडघा कसा आहे?' ती काय म्हणणार? 'बरा आहे, पप्पा.' उद्या खरंच सूज आली, तरी ती बर्फ लावून गप्प बसेल. दुखत नाही, हे तिचं वाक्य तुम्ही पुरावा म्हणून लिहिलं आहे. मला तो पुरावा वाटत नाही. ज्या घरात मुलीच्या शर्यतीवर हप्ता अवलंबून आहे, तिथे दुखण्याबद्दल खरं बोलणं तिला परवडत नाही.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पोरीला बाइक देणारे बाप आपल्याकडे किती असतात? बहुतेक पत्रांत आईवडील खेळ सोडवायला निघालेले असतात, तुम्ही उलट आहात. पण दडपण हे अभ्यासाचंच असतं असं कुणी सांगितलं? तुम्ही तिचे वडील आहात, मेकॅनिक आहात, बहुधा कोचही तुम्हीच आहात, आणि आता सावकारही झालात. यातलं एखादं पद तरी सोडा. माझ्या मते शेवटचं.

आता गुडघा. एसीएलच्या ऑपरेशनमध्ये तुटलेला लिगामेंट बहुतेक वेळा शिवत नाहीत. मांडीमागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा तुकडा काढून त्याच्या जागी बसवतात. तो तुकडा रुजून लिगामेंटसारखा व्हायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. दुखणं मात्र कितीतरी आधी थांबतं. चालता येणं, जिना चढता येणं ही तिसऱ्या-चौथ्या महिन्याची कमाई आहे, तिचा रेसिंगशी संबंध नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा जायचं प्रमाण बरंच जास्त दिसलं आहे, आणि कमी वयाच्या खेळाडूंना हा धोका मुळातच मोठा असतो. तुमचा सीझन सुरू होईल तेव्हा आठ महिने झालेले असतील. त्यातून फिजिओचे तीन महिने बुडालेले. आज डावी आणि उजवी मांडी टेप लावून मोजा. डावी बारीक भरली नाही, तर मला आश्चर्य वाटेल.

आणि मोटोक्रॉस म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. डाव्या वळणावर तिला डावा पाय फूटपेगवरून काढून पुढे, पार पुढच्या चाकाच्या दिशेनं सरळ करावाच लागतो. आधीच्या बाइकनी मातीत खोल चर पाडलेले असतात. बूट त्या चरात अडकला की पाय मागे राहतो आणि बाइक पुढे जाते. बहुधा असाच तुमच्या मुलीचा गुडघा फिरला असेल. पुढच्या वेळी त्याच वळणाला तिचा पाय आपोआप आखडेल, त्याला भित्रेपणा म्हणू नका. नी ब्रेस चांगला घ्या, पण ब्रेस घातला म्हणजे स्नायू आले असं होत नाही.

म्हणून तारीख बघून ट्रॅकवर जाऊ नका, चाचणी करून जा. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे आणि खेळाडूंवर काम करणाऱ्या फिजिओकडे दोन गोष्टी मागा : दोन्ही मांड्यांच्या ताकदीची मोजणी, आणि एका पायावरच्या उड्यांची चाचणी. ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत यावा, हा सर्वसाधारण निकष. तिथवर यायला दहावा महिना लागो की तेरावा. एक सीझन गेला तर गेला. एकोणिसाव्या वर्षी दुसरं ऑपरेशन झालं तर सीझनचा हिशेबच संपेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ऑपरेशन लपवण्याचा. अजिबात नाही. एक तर ते लपणार नाही. आपल्याकडचं डर्ट रेसिंगचं जग एवढंसं आहे; कोण पडलं, कुठे पडलं, कुठल्या हॉस्पिटलात नेलं, हे दुपारपर्यंत सगळ्या पॅडॉकला, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या तळाला, माहीत असतं. शिवाय एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या लायसन्ससाठी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, तिथे खोटं लिहून घेणार का? आणि करार झाल्यावर कंपनीला कळलं, तर तुमच्या मुलीचं नाव त्या कंपनीत आणि तिच्या डीलरांत 'खोटं बोलणारी' म्हणून फिरेल. गुडघा बरा होतो, हे पुसलं जात नाही.

उलट दुखापत उघड सांगून पुढे गेलेल्यांची नावं डोळ्यांसमोर आहेत. बंगळुरूची रॅली रायडर ऐश्वर्या पिसे. २०१७ मध्ये कॉलरबोन मोडलं. २०१८ मध्ये स्पेनच्या बाहा आरागॉन या क्रॉस-कंट्री रॅलीत अशी पडली की स्वादुपिंडाला इजा झाली. २०१९ मध्ये बाहा प्रकारातला एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचा महिला वर्ल्ड कप तिनं जिंकला. त्यात स्पेनची तीच स्पर्धाही होती. तेव्हा टीव्हीएस रेसिंगची ती रायडर, आणि तिच्या मुलाखतींत ही दुखापत येते. कुणी ती झाकली नाही. न्यूझीलंडची कोर्टनी डंकन बघा : २०२२ मध्ये कॉलरबोन मोडून सीझन हातचा गेला, २०२३ मध्ये महिला मोटोक्रॉसची चौथी वर्ल्ड चॅम्पियनशिप. या दोघींच्या मागे टीम होती, पैसा होता, हे खरं. पण परत आल्या त्या तयार होऊन आल्या, एवढं तरी घ्या.

सीएसआरचा गैरसमज मात्र नीट काढायला हवा, कारण तो फक्त तुमचा नाही. 'कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के द्यावेच लागतात, त्यातले आपल्याला का नाही?' असं खेळाडूंचे पालक सर्रास म्हणतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळ आहे, पण तो ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाला चालना, अशा शब्दांत. म्हणजे एखादी नोंदणीकृत संस्था पंचवीस मुलींना ट्रेनिंग देत असेल, तर ती दार ठोठावू शकते. एका मुलीच्या बाइकवर लोगो लावून दिलेले पैसे ही जाहिरात झाली, आणि जाहिरातीचा फायदा घेण्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरायची नाही, हे २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा सीएसआर विभागाला पत्रं पाठवून टपालखर्च वाढवू नका. तुमचं काम मार्केटिंगवाल्यांकडे आहे, आणि ते दानधर्म करत नाहीत. 'गरीब घरातली होतकरू मुलगी' या ओळीनं तिथे कुणी विरघळत नाही. आमचं टायर, आमचं ऑइल, आमची बाइक या मुलीमुळे कुणाला दिसणार आहे, एवढंच ते विचारतात.

लीगबद्दलही थोडं. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, गर्दीही चांगली जमली. पण पहिल्या सीझनचे गट आठवा : ४५० सीसी, २५० सीसी, २५० सीसी भारत-आशिया मिश्र, ८५ सीसी ज्युनिअर. यात महिला गट कुठे आहे? त्या पैशाकडे बघून सोनं गहाण टाकलं असेल, तर हिशेब चुकला आहे.

एक कडू गोष्ट सांगते. महिला गटातल्या दोन ट्रॉफ्यांना मार्केटिंगवाला फार किंमत देणार नाही, कारण स्टार्टच्या गेटवर मुली किती असतात हे त्यालाही माहीत असतं. बोटांवर मोजण्याइतक्या. त्यापेक्षा त्याच ट्रॅकवर, त्याच दिवशी, तशाच बाइकवर मुलग्यांच्या गटातल्या रायडरपेक्षा ती लॅपला किती सेकंद मागे होती, हे लिहा. आकडा वाईट असेल तरी लिहा. पुढच्या सीझनला तो कमी झालेला दिसला, तर ती खरी प्रगती. आणि हे करायला इम्पोर्टेड बाइक लागत नाही. भारतीय बाइकचे वेगळे गट असतात, त्या बाइकची किंमत आणि स्पेअर्स तुमच्या गॅरेजला झेपणारे आहेत. इम्पोर्टेड बाइक घेताना लाखो रुपये एकदा जातात, पण पिस्टन, क्लच, टायर तासांच्या हिशेबानं जात राहतात. तुम्ही मेकॅनिक आहात, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी मांडलेलं दिसलं नाही. डीलरकडे आधी जा आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळतात ते विचारा.

मेडिक्लेम नाकारला याचा राग समजू शकते, पण पॉलिसीचं ते पान काढून वाचा. व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च वगळण्याचं एक ठरावीक कलम आपल्याकडच्या पॉलिसींत असतं आणि त्यात मोटर रेसिंगचं नाव घेऊन उल्लेख आहे. तुमची मुलगी व्यावसायिक आहे का, यावर आज तुम्ही निदान वाद घालू शकता. विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, ती करा. पण स्पॉन्सरचा करार झाला की हा वादही संपला. म्हणून कुठलाही स्पॉन्सर आला, तरी लोगोच्या मापाआधी विम्याचं विचारा : अपघात विमा कोण काढणार, किती रकमेचा, फक्त अधिकृत स्पर्धेत लागू की सरावातही? ती पडली होती सरावात.

स्पॉन्सर शोधायचाच असेल, तर पहिला फिजिओ शोधा. चेष्टा नाही. नाशिकमध्ये खेळाडूंची फिजिओथेरपी करणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊन सांगा : पुढचे सहा महिने मुलीचे उपचार करा, दर आठवड्याला ती एक छोटा व्हिडिओ टाकेल, आजची चाचणी, आजचा व्यायाम, स्वतःच्या तोंडानं, मराठीत. त्यांना पेशंट हवे असतात, तुम्हाला उपचार. सहा महिन्यांनी तुमच्याकडे मांडीच्या ताकदीचे चढते आकडे आणि ते बघणारे लोक असतील. मग टायरचा डीलर, ऑइलचा वितरक, शोरूमवाला. सुरुवातीला रोख कुणी देत नाही; दोन टायर, ऑइलचे कॅन, हेल्मेट मिळतं, तेही घ्या. मोठ्या कंपनीच्या टीमचं नंतर.

कॉलेजला गॅप नको. बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. नियमित जमत नसेल, तर मुक्त विद्यापीठ तुमच्याच गावात आहे. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणावर भिस्त ठेवायच्या आधी, मोटोक्रॉस त्यासाठीच्या खेळांच्या यादीत बसतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तोंडी नव्हे, लेखी विचारा. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही.

आता पुढचं तिच्यासाठी. तिला वाचायला द्या आणि शेजारी बसू नका.

बाळा, मला तुझ्याकडून वेगळं पत्र हवंय. पप्पांनी न वाचलेलं. बाइक, सोनं, सीझन सगळं बाजूला ठेव आणि लिही की सहा महिन्यांत सगळ्यात जास्त आठवण कशाची आली. ट्रॅकची आली, तर आपण तुझा कार्यक्रम नीट बसून आखू. आली नसेल, किंवा पडलेला क्षण अजून रात्री आठवत असेल, तर तेही लिही. डर्ट बाइक चालवता येणारी, गॅरेजमध्ये वाढलेली, हिशेब शिकलेली मुलगी शर्यत न लावताही या क्षेत्रात पुष्कळ काही करू शकते; टीमचं व्यवस्थापन, ट्रेनिंग, सर्व्हिस सेंटर. पत्रासोबत मांडीच्या ताकदीच्या चाचणीचा रिपोर्ट जोड. तो नसेल तर अपॉइंटमेंटची तारीख तरी कळव.